स्टॅन्लीची जुनी पितळी डम्पी लेव्हल : दोन सत्रे वर्गात वापरल्यानंतरचे परीक्षण

गेल्या वर्षी मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी एक पितळी डम्पी लेव्हल विकत घेतली. दुर्बिणीच्या नळीवर ‘स्टॅन्ली, लंडन’ असे कोरलेले आहे, सोबत महॉगनीची मूळ पेटी आहे आणि किंमत २२,००० रुपये पडली. संस्थेच्या खरेदीच्या नियमांत अशी वस्तू बसत नाही, म्हणून पैसे स्वतःचे घातले. पण ती दिवाणखान्यात मांडून ठेवण्यासाठी घेतलेली नाही. मी तंत्रनिकेतनात पदविकेच्या विद्यार्थ्यांना सर्वेक्षण शिकवतो आणि लेव्हलिंग शिकवताना हे उपकरण आजही किती कामाचे आहे, हे मला मैदानावर पाहायचे होते. दोन सत्रे ती नियमाने वापरल्यानंतर हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: लेव्हलिंग शिकवण्यासाठी याहून चांगले उपकरण मी हाताळलेले नाही, मात्र ते पारखून घेतले नाही, तर पैसे वाया जाण्याची शक्यताही तेवढीच मोठी आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. गवंडी फरशी बसवताना जी पाणसळ वापरतो, तिच्यावर दुर्बीण चढवली की लेव्हल झाली, असे समजायला हरकत नाही. बुडबुडा नळीच्या मध्यावर आला की दुर्बिणीतून दिसणारी रेषा क्षितिजसमांतर होते, आणि त्या रेषेवर समोर उभ्या धरलेल्या स्टाफवरचा, म्हणजे आकडे लिहिलेल्या मोजपट्टीवरचा, आकडा वाचला की तो बिंदू रेषेच्या किती खाली आहे हे कळते. दोन ठिकाणच्या वाचनांतील फरक म्हणजे त्या दोन ठिकाणांच्या उंचीतील फरक. कालव्याचे पाणी कोणत्या बाजूला वाहील, गटाराला उतार किती द्यायचा, रुळांचा चढ किती येईल, या सगळ्याचे उत्तर या एका वजाबाकीत असते. मुंबईहून पुण्याकडे येणारा भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट होता. डोंगराच्या कडेने इतका मोजून-मापून चढ बसवणे लेव्हलशिवाय शक्य नव्हते.

डम्पीच्या आधी वाय लेव्हल वापरात होती. अठराव्या शतकात लंडनच्या जोनाथन सिसनने तिला प्रचारात आणले. इंग्रजी वाय अक्षरासारख्या दोन बेचक्यांत तिची लांबलचक दुर्बीण ठेवलेली असे, ती उचलून उलटसुलट करता येई आणि त्यामुळे तिची तपासणी टेबलावर बसूनही करता येई. पण जेवढे भाग सुटे, तेवढी ती प्रवासात बिघडायचीही. विल्यम ग्रॅव्हॅट या इंग्रज अभियंत्याकडे १८३२ मध्ये लंडन ते डोव्हर या नियोजित रेल्वेमार्गाच्या पाहणीचे काम होते. त्याने दुर्बीण आखूड केली, पुढचे भिंग मोठे घेऊन प्रकाशाची भरपाई केली आणि संपूर्ण नळी खालच्या उभ्या दांड्याला पक्की जोडून टाकली. या आखूड, जाड बांध्यामुळे तिला ‘डम्पी’, म्हणजे ठेंगणी-ठुसकी, हे नाव पडले. आपल्याकडे ते नाव इतके रुळले, की जुन्या ओव्हरसिअरांच्या तोंडी कोणतीही लेव्हल ‘डम्पी’च असे.

विल्यम फोर्ड स्टॅन्ली हा माणूस मला या उपकरणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याने १८५४ मध्ये लंडनच्या होबर्न भागातील ग्रेट टर्नस्टाइल या गल्लीत रेखनसाहित्याचे छोटे दुकान काढले आणि पुढे ते सर्वेक्षणाच्या उपकरणांच्या मोठ्या कारखान्यापर्यंत नेले. अशा उपकरणांच्या रचनेवर त्याने स्वतः सविस्तर लेखन केले, आणि १९०७ मध्ये, आयुष्याच्या अखेरीस, साउथ नॉरवुड येथे मुलांसाठी तांत्रिक शाळा उघडली. उपकरण बनवणाऱ्यानेच ते वापरणाऱ्या हातांच्या शिक्षणासाठी पैसा खर्च करावा, ही गोष्ट मी दर वर्षी पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

आता खरेदीबद्दल, कारण फसगत येथेच होते. ‘स्टॅन्ली, लंडन’ हे नाव कोरलेल्या पितळी होकायंत्रांचा, दुर्बिणींचा आणि सेक्स्टंटचा भेटवस्तूंच्या बाजारात सुळसुळाट आहे. त्यांतील बहुसंख्य वस्तू आपल्याच देशात अलीकडे तयार झालेल्या शोभेच्या वस्तू आहेत. म्हणून नाव वाचून काहीही ठरवू नये. मी पहिल्यांदा डोळा लावला तो नेत्रिकेला. खऱ्या लेव्हलमध्ये समोरची इमारत उलटी दिसते, कारण या दुर्बिणीत प्रतिमा सरळ करणारी जादा भिंगे घालून प्रकाश वाया घालवलेला नसतो. आणि त्या उलट्या चित्रावर बारीक आडवी-उभी तार दिसली पाहिजे. शोभेच्या वस्तूंत बहुधा तार नसते, ती धरून ठेवणारी कडी, म्हणजे डायफ्रॅमही नसतो. त्यानंतर बुडबुड्याची नळी पाहिली. खऱ्या नळीचा आतला भाग घासून अत्यंत किंचित बाक दिलेला असतो, त्यामुळे तिच्यातला बुडबुडा लांबट असतो, आळसावल्यासारखा सरकतो आणि स्क्रूला बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी जागा सोडतो. नकली नळीतला बुडबुडा आखूड असतो आणि मध्यावर येऊन हट्टाने बसून राहतो; पाहणाऱ्याला तो ‘छान बसला’ असे वाटते, पण अशी नळी मोजणीसाठी निरुपयोगी असते.

तिसरी खूण म्हणजे स्क्रू. डायफ्रॅमला धरून ठेवणाऱ्या चार बारीक स्क्रूंच्या डोक्यांना आडवी भोके असतात, त्यांत टाचणीएवढी पोलादी सळई घालून ते फिरवायचे असतात. माझ्या लेव्हलमधील हे चारही स्क्रू मूळचे आहेत, एकाचेही डोके पकडीने ओरबाडलेले नाही. जिथे अशा स्क्रूंच्या जागी साधे खाचेचे स्क्रू दिसतील किंवा स्क्रू नुसतेच शोभेला चिकटवलेले असतील, तिथे पुढे बोलणी करू नयेत. कोरीव अक्षरांकडेही भिंग लावून पाहावे: जुनी अक्षरे खोल आणि धारदार कापलेली असतात आणि त्यांच्या खाचांत काळे मेण भरलेले असते, तर नव्या नकलांतील अक्षरे उथळ आणि कडांना विरलेली दिसतात. पेटी, वजन, काळपटपणा यांवर मी फारसा विसंबत नाही, कारण पितळ रसायनाने हवे तितके काळे करता येते.

परदेशी राहणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना येथेच देतो. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या, विज्ञानाचा किंवा कारागिरीचा इतिहास सांगणाऱ्या वस्तूही पुरावस्तू ठरू शकतात आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. सुट्टीत आलेल्या नातेवाइकाने अशी लेव्हल सामानात घालण्यापूर्वी ही बाब तपासून घ्यावी.

दुकानदाराबद्दल माझी तक्रार आहे आणि ती नाव न घेता नोंदवतो. लेव्हल मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यावर जुन्या लॅकरचा मधासारखा तपकिरी थर होता. पैसे देऊन आठवड्याने ताब्यात घ्यायला गेलो, तेव्हा तिची नळी बफिंग यंत्रावर घासून सोन्यासारखी चकचकीत केलेली होती. दुकानदाराने हे माझ्या आनंदासाठी केले असावे. मला मात्र ती पाहून फार वाईट वाटले. हे लॅकर सजावटीसाठी नसते. घामट हात, पाऊस आणि धूळ यांपासून ते पितळेचे रक्षण करते. ते निघाल्यावर आमच्याकडच्या दमट हवेत महिन्याभरात नळीवर बोटांचे ठसे काळे उमटू लागले. सुदैवाने कोरलेली अक्षरे खोल असल्यामुळे वाचली आणि नळीच्या खालचा, यंत्राला न पोहोचणारा भाग मूळ स्थितीत राहिला. ज्यांना अशी वस्तू घ्यायची असेल त्यांनी पैसे देतानाच ‘पॉलिश करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. आणि घरी आणल्यावर चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पावडर तिच्या जवळपासही आणू नये.

आणखी दोन उणिवा ताब्यात घेतल्यावर लक्षात आल्या. पहिली म्हणजे तिच्यासोबत दिलेली तिपाई दुसऱ्याच कुठल्यातरी उपकरणाची निघाली. जुन्या इंग्रजी लेव्हलचा आटा आजच्या तिपाईच्या ५/८ इंची स्क्रूशी जुळत नाही, म्हणून आमच्या कार्यशाळेतील सहकाऱ्याकडून लेथवर पितळेचा जोडतुकडा कातून घेतला. वरच्या बाजूला जुना आटा, खालच्या बाजूला नवा. त्याचा खर्च सामानासकट १,८०० रुपये आला. हा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. दुसरी उणीव मोठी होती: डायफ्रॅमवरची आडवी तार तुटलेली होती. दुकानात मी पाहिली ती उभी तार होती, आणि घाईत आडवीही आहेच असे गृहीत धरले, ही माझी चूक. जुन्या लेव्हलमधल्या या तारा म्हणजे खरोखरीच कोळ्याच्या जाळ्याचे धागे असतात; धातूची तार इतकी बारीक ओढली तर तुटते, आणि जाळ्याचा धागा बारीक, लवचीक आणि ताठ बसणारा असतो.

उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने मला दोन पर्याय दिले: काचेवर रेघ कोरलेला नवा डायफ्रॅम बसवायचा किंवा धागा पुन्हा भरायचा. “सर, काच टिकेल, पण तिच्यावर धूळ बसली की तुम्हाला तीच दिसत राहील, धाग्याला ती अडचण नाही,” असे त्यांचे म्हणणे पडले. मी धागा भरायला सांगितले. त्यांनी तारेच्या बेचक्यावर जाळ्याचा धागा गुंडाळून घेतला, डायफ्रॅमच्या कडीवरील मूळ खाचांत तो अलगद बसवला आणि दोन्ही टोकांना लाखेचा एकेक थेंब लावला. हे सारे काम त्यांनी अर्ध्या तासात, माझ्यासमोर, डोळ्याला घड्याळजीचे भिंग लावून केले. धागा आजतागायत सैल पडलेला नाही. दमट हवेत तो किंचित सैलावतो असे पुस्तकांत वाचले होते. पावसाळ्याच्या दिवसांत मला तसा अनुभव आला नाही, पण पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असल्याचाही तो परिणाम असू शकेल.

दुर्बिणीबद्दल समाधानाने लिहावे असेच आहे. पुढचे भिंग दोन काचांचे आहे. क्राउन आणि फ्लिंट या दोन प्रकारच्या काचा एकमेकींना चिकटवून कडांचा रंगीतपणा घालवलेला आहे. भिंगाच्या एका कडेला चिकटवण्याचा बाल्सम सुटू लागल्याने पिसासारखी खूण दिसते, परंतु मधला भाग स्वच्छ आहे. सकाळच्या उन्हात ६० मीटरवरील स्टाफवर ५ मिलिमीटरचे भाग स्पष्ट वेगळे दिसतात आणि त्याच्या मधले मिलिमीटर अंदाजाने वाचता येतात. १०० मीटरनंतर मात्र प्रतिमा मंदावते, आणि तिथे आजची साधी ऑटो लेव्हल (रेषा आपोआप क्षितिजसमांतर करणारी) तिच्यापेक्षा निश्चित सरस ठरते. प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी, म्हणजे केंद्र जुळवण्यासाठी, बाजूची कळ फिरवली की पुढचा भिंगासहित नळीचा भाग बाहेर सरकतो. नळी न सरकवता आतल्या आत केंद्र जुळवण्याची सोय नंतरची. या सरकत्या नळीतून धूळ आणि दमटपणा आत शिरतो, म्हणून काम झाल्यावर नळी पूर्ण आत घेऊनच लेव्हल पेटीत ठेवावी.

बुडबुड्याच्या नळीची परीक्षा मी विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतली, आणि त्या तासाचा आनंद वेगळा होता. नळीवरच्या खुणा मोजल्या तर दहा भाग मिळून बरोबर १ इंच भरतात. ६० मीटरवर स्टाफ उभा केला, बुडबुडा फूट स्क्रूने, म्हणजे लेव्हलच्या तळाच्या स्क्रूने, ५ भाग सरकवला, आणि स्टाफवरचे वाचन ०.०३६ मीटरने बदलले. यावरून एका भागाला सुमारे २५ सेकंद (कोनाचा सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) हे संवेदनशीलतेचे माप निघते, जे या प्रकारच्या लेव्हलला शोभेसे आहे. त्यानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग ही नळी ज्या वर्तुळाचा तुकडा आहे ते वर्तुळ केवढे?” फळ्यावर मांडणी केली आणि त्रिज्या सुमारे २१ मीटर आली. हातात मावणाऱ्या त्या काचेच्या नळीत सहा-सात मजली इमारतीएवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस दडलेला आहे, हे समजल्यावर मुले ती नळी पुन्हा निरखून पाहू लागली.

माझी लेव्हल चार फूट स्क्रूंची आहे. दोन समांतर पट्ट्यांच्या मध्ये समोरासमोरच्या दोन जोड्या, आणि मध्ये चेंडूसारखा सांधा. समोरासमोरचे दोन स्क्रू एकाच वेळी दोन्ही हातांनी, दोन्ही अंगठे आत किंवा दोन्ही बाहेर असे फिरवायचे. डावा अंगठा जिकडे जातो तिकडे बुडबुडा जातो. हा नियम आजच्या तीन स्क्रूंच्या उपकरणांनाही लागू आहे, परंतु चार स्क्रूंत एक अवघड बाब आहे: एक हात दुसऱ्यापेक्षा जास्त फिरला तर स्क्रू एकमेकांविरुद्ध आवळले जातात आणि पट्टी वाकते, किंवा ते सैल पडून उपकरण डुलते. पहिले दोन आठवडे विद्यार्थी यावर वैतागले. नंतर मात्र त्यांच्या बोटांना एक समजूत आली, जी ऑटो लेव्हलच्या गोल बुडबुड्यावर कधीच आली नव्हती. तरीही नवशिक्या वर्गासाठी पर्याय असेल तर तीन स्क्रूंची लेव्हल घ्यावी असेच मी सुचवेन, कारण आवळून वाकलेली पट्टी सरळ करणे सोपे नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे वर्गातील उपयोग. पहिल्या सत्रात मी मुद्दाम लेव्हलची कोलिमेशन तपासणी, म्हणजे दृष्टिरेषा खरोखर क्षितिजसमांतर आहे का ही तपासणी, न करता विद्यार्थ्यांना संस्थेच्या आवारात ८०० मीटरचा फेरा घ्यायला सांगितले: मुख्य दारापाशी बेंचमार्क (उंची मोजण्याचा संदर्भबिंदू), तिथून निघून परत तिथेच. फेरा बंद झाला तेव्हा चूक २६ मिलिमीटर आली. साधारण लेव्हलिंगला २४ गुणिले किलोमीटरच्या वर्गमुळाइतकी मिलिमीटर चूक चालते. ८०० मीटरला ती मर्यादा सुमारे २१ मिलिमीटर होते. म्हणजे काम नापास. एरवी येथे विद्यार्थी आकड्यांत फेरफार करून चूक ‘बसवतात’, आणि आपण शिक्षक ते ओळखूनही गप्प बसतो, ही कबुली देणे मला आवश्यक वाटते. या वेळी मी त्यांना चुकीचे कारण शोधायला लावले.

दोन खुंट्यांची परीक्षा घेतली. अ आणि ब या खुंट्या ६० मीटर अंतरावर ठोकल्या. लेव्हल बरोबर मध्ये उभी केली, तेव्हा अ वर १.४२० आणि ब वर १.१६५ अशी वाचने आली. दोन्ही अंतरे सारखी असल्यामुळे रेषा तिरकी असली तरी तिची चूक दोन्हीकडे सारखीच येते, म्हणून ०.२५५ मीटर हा खरा फरक. नंतर लेव्हल अ च्या पलीकडे, त्याच सरळ रेषेत ३ मीटरवर नेली. अ वर १.५१०, ब वर १.२६७. फरक ०.२४३. म्हणजे दृष्टिरेषा ६० मीटरमध्ये १२ मिलिमीटर वर चढत होती, साधारण ४१ सेकंदांचा कोन. मग विद्यार्थ्यांनी फेऱ्याच्या वहीकडे परत जाऊन सगळ्या बॅकसाइटची (मागच्या बिंदूवरील वाचनांची) आणि फोरसाइटची (पुढच्या बिंदूवरील वाचनांची) अंतरे टेपने पुन्हा मोजली, तेव्हा बॅकसाइटच्या अंतरांची बेरीज फोरसाइटपेक्षा ९० मीटरने जास्त भरली. त्या ९० मीटरवर या तिरकेपणाची चूक १८ मिलिमीटर होते, आणि तिची दिशाही जुळली. २६ मधून १८ गेले, उरले ८. एक विद्यार्थी म्हणाला की गणित ‘सुटल्याचा’ आनंद त्याला आजवर परीक्षेत मिळाला होता, मैदानावर पहिल्यांदाच मिळाला.

त्यानंतर डायफ्रॅमचे वरचे-खालचे स्क्रू अगदी थोडे थोडे, एक सैल करून दुसरा आवळत, ब वरचे वाचन खाली आणले. तीन प्रयत्नांत रेषा जागेवर आली. पुढच्या आठवड्यात तोच फेरा, या वेळी दोन्हीकडची अंतरे सारखी राखून, घेतला तेव्हा चूक ९ मिलिमीटर आली; अधिक काटेकोर कामासाठी असलेली १२ गुणिले वर्गमूळ ही मर्यादाही तिने पाळली. त्याच फेऱ्याला दुसऱ्या गटाने ऑटो लेव्हलने ४ मिलिमीटर चूक आणली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो, आणि त्यांचे काम निम्म्या वेळात झाले हेही.

हा फरक स्वाभाविक आहे. १९५० मध्ये झाइसने भरपाई यंत्रणेची पहिली लेव्हल बाजारात आणली, तेव्हापासून बुडबुडा ढोबळमानाने मध्ये आणला की आतला टांगलेला प्रिझम उरलेले काम आपोआप करतो. प्रत्यक्ष कामावर असलेल्या कोणत्याही अभियंत्याला मी डम्पी वापरायचा सल्ला देणार नाही. कंत्राटदाराचे लोक ताटकळत उभे असताना प्रत्येक वाचनाआधी बुडबुडा पाहत बसणे परवडत नाही. पण ऑटो लेव्हलमध्ये क्षितिजसमांतर रेषा आयती मिळते, आणि आयती मिळालेली गोष्ट चुकली तर ती का चुकली हे विद्यार्थ्याला कळत नाही. भरपाई यंत्रणा अडकलेली असेल, तरी त्याला दुर्बिणीतून सगळे व्यवस्थितच दिसते. डम्पीमध्ये बुडबुड्याचा अक्ष, उभा अक्ष आणि दृष्टिरेषा ही तिन्ही नाती उघडी असतात. प्रत्येक नात्याला स्वतंत्र स्क्रू आहे, आणि तो स्क्रू फिरवला की काय होते हे डोळ्यांना दिसते.

याच कारणासाठी नवी डम्पी घेतली तर चालणार नाही का, असे सहकाऱ्यांनी विचारले. चालेल, आणि ज्यांना जुन्या वस्तूंत रस नाही त्यांनी तेच करावे. रुडकीत आजही सर्वेक्षणाची उपकरणे बनवणारे अनेक छोटे कारखाने आहेत. तिथे १८४७ मध्ये अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले, १८५४ मध्ये गंगा कालवा वाहू लागला आणि त्या कामाच्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या कार्यशाळांतून ही परंपरा आली. कोलकात्याच्या गणिती उपकरणांच्या कचेरीतही सय्यद मीर मोहसिन हुसेन यांच्यासारखे भारतीय कारागीर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून आलेली मोजणीयंत्रे दुरुस्त करत आणि नवी घडवत होते. त्यामुळे जुनी लेव्हल म्हणजे केवळ विलायती वस्तू, असे मानणे बरोबर नाही. ती इथल्या हातांनीही टिकवलेली आहे. माझ्या लेव्हलच्या उभ्या दांड्यावरची एक बारीक पितळी चकती मूळची नाही, नंतर कोणीतरी हाताने कानस लावून बसवलेली आहे, आणि ती आजही अचूक बसते.

पेटीच्या झाकणाच्या आत पांढऱ्या रंगाने लिहिलेला एक जुना जडवस्तू क्रमांक आहे. त्याच्यावर दुसऱ्या हाताने मारलेली काट आहे. म्हणजे ही लेव्हल कधीतरी एखाद्या संस्थेच्या नोंदवहीत होती, तिचे निर्लेखन झाले आणि ती भंगारात गेली. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासारख्यांनी १८८३ मध्ये तिथून पदवी घेतली. त्या काळापासून राज्यभरच्या संस्थांत आणि बांधकाम खात्याच्या गोदामांत अशा लेव्हल साठत आल्या. त्या किलोच्या भावाने पितळ म्हणून विकल्या जातात, हे मी स्वतः पाहिलेले आहे. माझी सर्व विभागप्रमुखांना कळकळीची विनंती आहे की निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी कपाटातील जुन्या लेव्हलची नळी एकदा पुसावी, बुडबुडा जिवंत आहे का पाहावे आणि तिला वर्गात एक टेबल द्यावे. त्यासाठी चोर बाजारात २२,००० रुपये मोजावे लागत नाहीत.

किमतीबद्दल शेवटचे. याच रकमेत नवी ऑटो लेव्हल, तिपाई आणि स्टाफसकट मिळू शकते, तेव्हा फक्त काम हवे असेल तर ही खरेदी योग्य नाही. शाबूत बुडबुडा, मूळ भिंग आणि मूळ डायफ्रॅम स्क्रू, या तीन गोष्टी असतील तर १५,००० ते २५,००० रुपये मला वाजवी वाटतात. बुडबुड्याची नळी फुटलेली असेल तर निम्म्यानेही घेऊ नये, कारण तशी घासलेली नळी पुन्हा मिळवणे हे सगळ्यांत अवघड काम आहे. तुटलेली तार, नसलेली तिपाई आणि उडालेले लॅकर यांवर उपाय आहेत.

भिंगाच्या कडेचा सुटलेला बाल्सम मी अजून तसाच ठेवला आहे. तो काढून पुन्हा चिकटवता येतो, परंतु दोन काचा परत एकमेकींवर किंचित जरी वाकड्या बसल्या, तर आज जे स्वच्छ दिसते तेही जाईल. पावसाळा संपल्यावर सप्टेंबरात पुन्हा दोन खुंट्या ठोकल्या आणि ब वरचे वाचन अपेक्षेपेक्षा २ मिलिमीटर वेगळे आले. ते दुरुस्त केले नाही; नव्या वर्गासाठी राखून ठेवले आहे.